वळवाची वीज, डब्यातलं केळं आणि अर्धा ग्रॅम प्रतिद्रव्य

मे महिन्यातली दुपार. कोल्हापूर भाजून निघालेलं. बघता बघता आभाळ काळवंडतं, वारा सुटतो, घराघरांवरचे पत्रे वाजायला लागतात आणि वळीव कोसळतो. कडाडकन एक वीज चमकते. सगळा परिसर क्षणभर दिवसासारखा उजळून निघतो.

मित्रांनो, त्या एका लखलखाटात काय काय दडलेलं असतं, ठाऊक आहे? एक म्हणजे प्लाझ्मा. तो तर प्रत्येक विजेत असतोच. आणि दुसरं, कधी कधी, अगदी कणभर, प्रतिद्रव्य! होय, तेच ते अँटिमॅटर. विज्ञानकथांमधून आणि इंग्रजी सिनेमांतून तुम्हांला भेटलेलं.

गेल्या वळवात मी ताईकडे, करवीर तालुक्यातल्या गावी होतो. वीज चमकली आणि घरातली वीज गेली! अंधारात बसल्या बसल्या माझ्या आठवीतल्या भाच्यानं विचारलं, “मामा, अँटिमॅटरचा बॉम्ब खरंच असतो का? आणि प्लाझ्मा गन?”

मी उत्तर देणार तेवढ्यात त्याचा दुसरा प्रश्न आला. “आणि एवढी ऊर्जा त्यात असेल, तर आजोबांना उसाला पाणी पाजायला रात्री अकराला मोटार सुरू करायला का जावं लागतं?”

पहिला प्रश्न सिनेमातला होता. दुसरा मात्र अगदी घरातला. शेतीपंपाला रात्रीच्या पाळीची वीज म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. अंधार, चिखल, साप आणि हातात बॅटरी. म्हटलं, याला दोन्ही प्रश्नांची उत्तरं नीट द्यायची. ती शोधता शोधता आम्ही उद्यमनगरपासून थेट जिनिव्हापर्यंत फिरून आलो. प्रत्यक्ष नाही हं, पुस्तकांतून! तीच सफर आज तुमच्यासाठी.

लोखंड कापणारा वारा

सुरुवात केली उद्यमनगरातून. कोल्हापूरचं हे उद्यमनगर म्हणजे लेथ, भट्ट्या, वेल्डिंग आणि हातोड्यांचं गाव. एका वर्कशॉपमध्ये लोखंडाची जाड प्लेट कापायचं काम चाललं होतं. मिस्त्रींच्या हातात बंदुकीसारखी एक टॉर्च. तिच्या टोकातून निळसर पांढरी ज्वाळा निघत होती आणि पोलाद लोण्यासारखं कापलं जात होतं.

“ए पोरा, उघड्या डोळ्यांनी बघू नगंस! डोळं जळतील,” मिस्त्रींनी दरडावलं आणि काळ्या काचेचा मुखवटा भाच्याच्या हातात दिला. “ह्यो प्लाझ्मा कटर हाय. ग्यासचा बंब न्हाई काय न्हाई. नुसती हवा आणि करंट.”

खरंच, नुसती हवा आणि करंट! दाबाखालची हवा एका बारीक तोंडातून सोडायची आणि तिच्यातून विजेची ठिणगी सतत चालू ठेवायची. हवा इतकी तापते की तिचं तापमान वीस हजार अंशांच्या घरात जातं. पोलाद दीड हजार अंशांनाच वितळतं, त्याची काय कथा!

शाळेत आपण पदार्थाच्या तीन अवस्था शिकतो: स्थायू, द्रव, वायू. बर्फ, पाणी, वाफ. वायूला आणखी तापवत गेलं तर? त्याचे कण एकमेकांवर इतक्या जोरात आपटतात की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. मग मोकळे इलेक्ट्रॉन आणि इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, म्हणजे आयन, असं एक विद्युतभारित सरबत तयार होतं. हीच पदार्थाची चौथी अवस्था. १९२८ साली अर्व्हिंग लँगम्युअर या अमेरिकन शास्त्रज्ञानं तिला ‘प्लाझ्मा’ हे नाव दिलं. पण किती तापमानाला आणि किती दाबाला वायूचे किती अणू असे फुटतात, याचं गणित त्याच्या आधी आपल्या मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं होतं. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान ओळखायला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ते समीकरण वापरू लागले.

आकाशातली वीज म्हणजे प्लाझ्मा. तिच्या वाटेतली हवा सुमारे तीस हजार अंशांपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. घरातल्या ट्यूबलाइटमध्येही प्लाझ्माच असतो, पण इतका विरळ की नळी हाताला जळत नाही. आणि सूर्य? तो तर प्लाझ्माचा भलामोठा गोळाच आहे.

विद्यापीठाच्या डोक्यावरचे बुडबुडे

तुम्हांला वाटेल, प्लाझ्माचा अभ्यास करायचा तर परदेशात जायला हवं. अजिबात नाही. कोल्हापूरच्या डोक्यावरच तो पसरलेला आहे!

जमिनीपासून साधारण साठ किलोमीटर वर गेलं की सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेचे काही अणू-रेणू फुटलेले असतात. या थराला आयनांबर म्हणतात. तो वर शेकडो किलोमीटरपर्यंत असतो. म्हणजे पृथ्वीनं पांघरलेली प्लाझ्माची एक पातळ ओढणीच म्हणा ना.

याच ओढणीचा अभ्यास करायला भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं शिवाजी विद्यापीठाच्या आवारात उपकरणं बसवली. १९९९ पासून तिथं एका रडारनं काम सुरू केलं. ते आकाशात रेडिओलहरी सोडतं, आणि ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरच्या विरळ प्लाझ्मावरून परत येणाऱ्या क्षीण प्रतिध्वनीवरून तिथले वारे मोजतं. इतक्या उंचीवर विमान पोचत नाही, फुगा पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही. तिथला वारा कोल्हापुरातून मोजायचा!

दुसरं उपकरण म्हणजे अख्खं आभाळ एका फोटोत टिपणारा कॅमेरा. अमावास्येच्या आगेमागे, निरभ्र रात्री आकाश आपल्याला काळंकुट्ट दिसतं. पण सुमारे अडीचशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू अतिशय मंद तांबडा प्रकाश सोडत असतात. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आणि त्या तांबड्या पार्श्वभूमीवर काही रात्री उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे दिसतात, हळूहळू पूर्वेकडे सरकणारे.

हे काळे पट्टे म्हणजे प्लाझ्माचे बुडबुडे! सूर्य मावळला की आयनांबराच्या खालच्या भागातला प्लाझ्मा झपाट्यानं विरतो, वरचा मात्र दाट राहतो. म्हणजे वर जड आणि खाली हलकं. तेलावर पाणी ओतल्यावर काय होतं? पाणी खाली घुसतं आणि तेलाचे थेंब वर निघतात. तसंच इथं विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात. ते निर्माण होतात चुंबकीय विषुववृत्तावर, जे भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषांबरोबर उत्तरेकडे पसरत कोल्हापूरच्या आकाशापर्यंत येतात.

याचा आपल्याला काय त्रास? उपग्रहाकडून येणारा संदेश अशा बुडबुड्यांतून जाताना लुकलुकतो, तुटतो. जीपीएस जागा चुकीची दाखवू शकतं. विमानं, जहाजं, मोबाइलमधला नकाशा हे सगळं या संदेशांवर चालतं. म्हणून या बुडबुड्यांवर पाळत ठेवावी लागते.

सूर्य भांड्यात भरायचा कसा?

आता भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. प्लाझ्मापासून वीज मिळेल का?

सूर्याच्या पोटात तापमान दीड कोटी अंश आहे. तिथं हायड्रोजनची अणुकेंद्रं एकमेकांत मिसळून हेलियम बनतो. याला अणुसंमीलन म्हणतात. दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातलं सुमारे चाळीस लाख टन वस्तुमान नाहीसं होऊन त्याची ऊर्जा बनते. गेली साडेचारशे कोटी वर्षं हे चाललेलं आहे.

पृथ्वीवर हे करायचं तर हायड्रोजनचे दोन जड भाऊ सोयीचे: ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. ड्यूटेरियम तर पाण्यातच असतं. एक हजार लिटर पाण्यात साधारण तेहतीस ग्रॅम. म्हणजे रंकाळ्यातसुद्धा इंधन आहे! ट्रिटियम मात्र निसर्गात जवळजवळ मिळत नाही, ते लिथियमपासून तयार करावं लागतं.

पण खरी गोम पुढेच आहे. सूर्याकडे स्वतःचं प्रचंड वजन आहे, त्या दाबानं प्लाझ्मा आपोआप कोंडला जातो. आपल्याकडे ते नाही. म्हणून आपल्याला तापमान वाढवावं लागतं. किती? सुमारे पंधरा कोटी अंश! सूर्याच्या पोटापेक्षा दहापट. असा प्लाझ्मा ठेवायचा कशात? कुठल्याही भांड्याला तो टेकला तर भांडं खराब होणार आणि प्लाझ्माही थंड पडणार. त्यासाठी भिंती नसलेलं भांडं हवं.

शास्त्रज्ञांनी ते शोधलं. प्लाझ्मा विद्युतभारित असल्यामुळे चुंबक त्याला वळवू शकतो. मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळ नळीभोवती शक्तिशाली चुंबक लावायचे आणि प्लाझ्मा मध्येच गोल गोल फिरत ठेवायचा. या यंत्राला टोकामॅक म्हणतात. हे नाव रशियन आहे, कारण कल्पना तिकडची.

आपल्या देशात गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ नावाचा टोकामॅक १९८९ साली सुरू झाला. आदित्य म्हणजे सूर्य, नाव किती समर्पक! फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या महाकाय प्रकल्पातही भारत भागीदार आहे. त्याचं बाहेरचं, सुमारे तीस मीटर उंच आणि तेवढंच रुंद, पोलादी आवरण सुरतजवळच्या हजिरा इथं बनलं आणि तुकड्यातुकड्यांनी जहाजातून फ्रान्सला गेलं.

मग वीज कधी? इथं जरा थांबून एक जुनी गोष्ट सांगतो. १९५५ साली जिनिव्हात अणुऊर्जेवरची मोठी जागतिक परिषद भरली होती. अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा. त्यांनी भाकीत केलं की येत्या वीस वर्षांत माणूस अणुसंमीलनाची ऊर्जा ताब्यात आणेल. वीस वर्षं गेली, चाळीस गेली, सत्तर गेली. भाभांसारख्या माणसाचंही भाकीत चुकलं, कारण प्लाझ्मा वाटला होता त्यापेक्षा फारच खट्याळ निघाला. थोडं काही बिघडलं की तो वळवळतो, निसटतो आणि विझतो.

तरी प्रगती झाली आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत १९२ लेसर झोतांनी मिरीच्या दाण्याएवढ्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जेचा मारा केला आणि त्यातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आले. गोळीला दिलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा पहिल्यांदाच मिळाली! पण ते लेसर चालवायलाच सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती, हे विसरायचं नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या ‘जेट’ या टोकामॅकनं पाच-सहा सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा निर्माण करून विक्रम केला. म्हणजे घरच्या मीटरवरची साधारण एकोणीस युनिटं. इटरमध्ये ड्यूटेरियम-ट्रिटियम वापरून काम सुरू व्हायला आताच्या वेळापत्रकाप्रमाणे २०३९ उजाडणार आहे. आणि तोही प्रयोगच. त्यातून घराघरांत वीज जाणार नाही.

उलट्या खुणेचं द्रव्य

“बरं, मग अँटिमॅटर?” भाचा काही पाठ सोडेना.

मी त्याला विचारलं, “४ चं वर्गमूळ किती?”

“दोन.”

“आणखी?”

“उणे दोन पण.”

शाब्बास! अगदी असंच काहीसं पॉल डिरॅक या इंग्रज शास्त्रज्ञाच्या बाबतीत घडलं. त्यानं १९२८ साली इलेक्ट्रॉनसाठी एक समीकरण मांडलं. त्याला दोन प्रकारची उत्तरं येत होती. एक नेहमीच्या इलेक्ट्रॉनचं, दुसरं मात्र विचित्र. डिरॅकनं ते उत्तर फेकून दिलं नाही. विचार करून १९३१ साली त्यानं सांगितलं की इलेक्ट्रॉनएवढ्याच वस्तुमानाचा, पण धन विद्युतभाराचा एक कण असला पाहिजे. आणि १९३२ साली कार्ल अँडरसनला अमेरिकेत विश्वकिरणांचे फोटो घेताना तो सापडलासुद्धा! त्याचं नाव पॉझिट्रॉन. प्रतिद्रव्याचा माणसानं पाहिलेला हा पहिला कण.

पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन भेटले की दोघंही नाहीसे होतात, आणि त्यांच्या वस्तुमानाची पूर्ण ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपानं बाहेर पडते. पण ते एकमेकांना नुसते धक्का देऊन दूरही जाऊ शकतात. हा धक्का किती आणि कुठल्या दिशेला बसेल, याचं गणित १९३५ साली केंब्रिजमध्ये एका पंचविशीतल्या मुंबईकर तरुणानं सोडवलं. कोण तो? तेच आपले होमी भाभा! आजही जगभर या आघाताला ‘भाभा प्रकीर्णन’ म्हणतात.

प्रतिद्रव्य फक्त प्रयोगशाळेत असतं असं मात्र समजू नका. अवकाशातून येणारे विश्वकिरण आपल्या वातावरणावर आदळतात तेव्हा कणांचा पाऊस पडतो, त्यात पॉझिट्रॉनही असतात. वळवाच्या ढगांत तर कमालच. उटीच्या प्रयोगशाळेत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १ डिसेंबर २०१४ च्या एका वादळी ढगातला विद्युतदाब अभ्यासला. तो निघाला सुमारे १३० कोटी व्होल्ट! एवढ्या दाबात इलेक्ट्रॉन सुसाट पळतात, त्यांच्यापासून गॅमा किरण निघतात, आणि गॅमा किरणांतून कधी कधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्माला येते. गडगडाटी ढगांतून आलेले असे पॉझिट्रॉन ‘फर्मी’ नावाच्या उपग्रहानं प्रत्यक्ष टिपले आहेत.

आणि तुमच्या डब्यातलं केळं? केळ्यात पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो. त्यामुळे एका केळ्यातून तास-दोन तासांत एखादा पॉझिट्रॉन बाहेर पडतो! घाबरू नका, तो जन्मतःच शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटून संपून जातो. केळं बिनधास्त खा.

एक ग्रॅम, अडीच कोटी युनिटं

आता वही-पेन्सिल घ्या. आइन्स्टाइनचं सूत्र तुम्हांला माहीत आहे: ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. प्रत्येक इंधनाच्या एका ग्रॅममधून किती ऊर्जा मिळते ते पाहू.

• दगडी कोळसा १ ग्रॅम: साठ वॅटचा दिवा जेमतेम पाच-सहा मिनिटं.
• युरेनियम-२३५, १ ग्रॅम (अणुविखंडन): सुमारे बावीस हजार युनिटं.
• ड्यूटेरियम आणि ट्रिटियम मिळून १ ग्रॅम (अणुसंमीलन): सुमारे चौऱ्याण्णव हजार युनिटं.
• अर्धा ग्रॅम द्रव्य आणि अर्धा ग्रॅम प्रतिद्रव्य, मिळून १ ग्रॅम: अडीच कोटी युनिटं!

अडीच कोटी! आपल्या कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट वीज बनवू शकतात. ते सगळे पूर्ण ताकदीनं जवळजवळ तेरा तास चालले, तर एवढी वीज तयार होईल. आणि इथं फक्त एक ग्रॅम!

भाचा उडालाच. “मग कोयनेला कशाला त्रास? अर्धा ग्रॅम अँटिमॅटर आणा की!”

आणायचं कुठून, हाच तर प्रश्न आहे. कोळसा जमिनीत आहे, युरेनियम जमिनीत आहे, ड्यूटेरियम पाण्यात आहे. प्रतिद्रव्याची खाण कुठेही नाही. ते एकेक कण करून बनवावं लागतं, आणि बनवायला निदान तेवढीच ऊर्जा आधी घालावी लागते. म्हणजे प्रतिद्रव्य ही विहीर नाही, गच्चीवरची टाकी आहे. टाकीत पाणी आपोआप येत नाही, आपणच ते चढवतो. जेवढं चढवलं त्याहून जास्त कधीच मिळत नाही.

आणि ही टाकी तर फार गळकी आहे. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत वेगवान प्रोटॉन धातूवर आपटून प्रतिप्रोटॉन बनवतात. दहा लाख टकरींमागे एखादा मिळतो. आपल्या गुऱ्हाळात दहा किलो उसातून किलोभर गूळ निघतो. इथं गाड्याच्या गाड्या ऊस घालायचा आणि हाती गुळाचा एक कण! घातलेल्या विजेतला एक अब्जांशही भाग प्रतिद्रव्याच्या रूपात हाती लागत नाही. म्हणजे एक युनिट परत मिळवायला शंभर कोटी युनिटं खर्च.

सर्नच्या यंत्रात साधारण दोन मिनिटांनी एकदा तीन कोटी प्रतिप्रोटॉन साठतात. ऐकायला मोठा आकडा, पण अर्ध्या ग्रॅमला किती लागतील? तीनावर तेवीस शून्यं! गणित करून पाहा, या वेगानं सुमारे ३,८०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वयच १,३८० कोटी वर्षं आहे.

अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये तर याहून मोठं यंत्र होतं. २०११ साली ते बंद झालं, तोवर तिथं बनलेले सगळे प्रतिप्रोटॉन मिळून भरले सुमारे पंधरा नॅनोग्रॅम. ते सगळे एका वेळी जमवून वापरले असते, तर त्या ऊर्जेवर पाण्याची दीड हजार वॅटची कॉइल अर्धा तास चालली असती. म्हणजे एका माणसाच्या आंघोळीचं पाणी!

आणि बॉम्ब?

दुसऱ्या महायुद्धात नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमध्ये सुमारे सहा किलो प्लुटोनियम होतं, पण ऊर्जेत रूपांतर झालं ते फक्त एक ग्रॅमभर वस्तुमानाचं. त्या एका ग्रॅमनं एक शहर बेचिराख झालं. म्हणजे अर्ध्या ग्रॅम प्रतिद्रव्याचा बॉम्ब झालाच, तर तो दुसरं नागासाकी घडवेल. ‘एंजल्स अँड डीमन्स’ या इंग्रजी कादंबरीत सर्नमधून पाव ग्रॅम प्रतिद्रव्य चोरीला जातं, ते काही उगाच नाही. पण वरचं गणित आठवा. असा बॉम्ब कोणापाशी नाही आणि या पद्धतीनं कोणाला बनवताही येणार नाही.

दुसरी अडचण भांड्याची. प्रतिद्रव्य कुठल्याही भिंतीला टेकलं की संपलं. पुन्हा तेच, भिंती नसलेलं भांडं हवं! निर्वात पोकळी, अतिथंड तापमान आणि चुंबकांचा पिंजरा. सर्नमध्ये २०१० साली प्रतिहायड्रोजनचे ३८ अणू असे पकडले. पुढच्या वर्षी काही अणू सोळा मिनिटांहून जास्त वेळ ठेवता आले. २०२४ साली तर असा पिंजरा चक्क ट्रकवर चढवून सर्नच्या आवारात फिरवला. तालीम म्हणून आत साधे सत्तर प्रोटॉन ठेवले होते. ते सुखरूप राहिले.

एक फरक लक्षात ठेवा. टोकामॅकची वीज गेली तर प्लाझ्मा विझतो आणि गोष्ट तिथंच संपते. प्रतिद्रव्याच्या पिंजऱ्याची वीज गेली तर सगळं भिंतीवर आदळून स्फोट! हा बॉम्ब फोडावा लागत नाही, फुटू नये म्हणून क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. असं शस्त्र कुठल्या सैन्याला हवं असेल?

प्लाझ्मा गनही सिनेमातच बरी. प्लाझ्माचा गोळा हवेत सोडला की तो पसरतो आणि थंड होतो. उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या टॉर्चची ज्वाळा बोटभर पुढेच दम तोडते, ती त्यामुळेच.

पण प्लाझ्माचं एक शस्त्र मात्र खरंखुरं आहे, आणि म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. ते म्हणजे हायड्रोजन बॉम्ब. सूर्यातलं अणुसंमीलन माणसानं ताब्यात आणण्याआधी मोकाट सोडलं! १ नोव्हेंबर १९५२ रोजी अमेरिकेनं पॅसिफिक महासागरात पहिला मोठा स्फोट केला. एक अख्खं बेट नाहीसं झालं.

९ जुलै १९६२ ला तर अमेरिकेनं असा बॉम्ब चारशे किलोमीटर उंचीवर, म्हणजे आयनांबरातच फोडला. जवळजवळ दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटावरचे सुमारे तीनशे रस्त्यांवरचे दिवे बंद पडले. आकाशात रंगीत ज्वाळा दिसल्या. पृथ्वीभोवती अडकलेल्या इलेक्ट्रॉनांनी पुढे काही महिन्यांत अनेक उपग्रह निकामी केले. ज्या थरातले बुडबुडे कोल्हापुरातून मोजतात, तोच हा थर!

त्या धास्तीतून १९६३ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोला करार झाला आणि हवेत, पाण्याखाली व अवकाशात अणुस्फोटांची बंदी आली. भारतानंही सही केली. गंमत पाहा, त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केरळातल्या थुंब्याहून आपलं पहिलं छोटं अग्निबाण उड्डाण झालं. थुंबाच का? कारण ते चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, तिथून या वरच्या थरांचा अभ्यास छान होतो. एकाच आकाशात एकानं बॉम्ब पाठवला, दुसऱ्यानं अभ्यासाचं उपकरण.

मग उपयोग काय?

प्रतिद्रव्य आज कारखाना चालवत नाही, पण माणसं वाचवतं. ‘पेट स्कॅन’ हे नाव ऐकलंय? रुग्णाला पॉझिट्रॉन सोडणारं साखरेसारखं औषध टोचतात. कर्करोगाच्या गाठी साखर जास्त खातात, म्हणून औषध तिथं जमतं. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटतो, दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात आणि यंत्र त्यांवरून गाठीची जागा दाखवतं. भारतात हे तंत्र २००२ साली मुंबईत, परळच्या किरणोत्सारी औषध केंद्रात आलं.

आणि एक मोठं कोडं अजून सुटायचं आहे. विश्वाच्या जन्माच्या वेळी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच निर्माण झालं असावं, असं गणित सांगतं. मग सगळं प्रतिद्रव्य गेलं कुठं? आपण उरलो कसे? विश्वाच्या अशाच कोड्यांमागे आयुष्यभर लागलेले डॉ. जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरातच जन्मले होते. २०२५ साली ते गेले. कोडी मात्र तुमच्यासाठी मागे आहेत.

भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच की! मी त्याला म्हटलं, “आजोबांच्या मोटारीला टोकामॅकची वीज मिळायला तू स्वतः आजोबा होशील कदाचित. पण एक अणुसंमीलनाची भट्टी आजही चालू आहे. पंधरा कोटी किलोमीटर दूर. तिला भांडं लागत नाही, चुंबक लागत नाही आणि ती दिवसाच चालते.”

तो क्षणभर विचारात पडला, मग हसला. “सूर्य! म्हणजे सौरपंप!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांच्या शेजारी बसून तो सौरपंपाच्या अर्जाला कुठले कागद लागतात, याची यादी करत होता. पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं: सातबारा.

करून पाहा: रेडिओवरचा प्लाझ्मा

घरात मीडियम वेव्ह लागणारा जुना रेडिओ आहे? दुपारी बारा वाजता काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा आणि किती केंद्रं ऐकू येतात ते वहीत लिहा. तेच रात्री दहा वाजता करा. रात्री दूरदूरची, कधी परभाषेतली केंद्रंही लागतील! दिवसा आयनांबराचा सगळ्यात खालचा थर या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी वरच्या थरावर आपटून लांबवर परततात. रेडिओच्या काट्यावर तुम्ही चक्क डोक्यावरचा प्लाझ्मा मोजलात!